हप्ता चुकल्याची नोंद आहे, आजाराची नाही

२०२५ च्या जून महिन्यातील गोष्ट. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत मशीन ऑपरेटर म्हणून काम करणारे एक गृहस्थ आमच्या कार्यालयात आले. सोबत पत्नी आणि बारावी झालेली मुलगी. मुलीला बी.एस्सी. नर्सिंगला जायचे होते. फी सवलतीचा भाग वेगळा. पण वसतिगृह, खानावळ, गणवेश, पुस्तके असा चार वर्षांचा हिशेब धरून त्यांनी बँकेकडे तीन लाखांचे शैक्षणिक कर्ज मागितले होते. बँकेच्या अधिकाऱ्याने मुलीची गुणपत्रिका पाहिली, कौतुक केले, मग सहकर्जदार म्हणून वडिलांचे सिबिल काढले आणि अर्ज परत केला. स्कोअर ५७१. गृहकर्जाच्या खात्यापुढे शेरा होता ‘डाउटफुल’, म्हणजे बुडण्याच्या वाटेवरचे कर्ज.

गृहस्थ आम्हाला म्हणाले, ‘‘साहेब, आज माझा एकही हप्ता बाकी नाही. दोन वर्षं झाली, दर महिन्याच्या पाच तारखेला खात्यातून पैसे जातात. मग माझं कर्ज बुडीत कसं?’’

प्रश्न सरळ आहे, उत्तर मात्र सरळ नाही. आमचे अनेक वाचक अशाच एका घराचे हप्ते भरत आहेत, म्हणून हे उत्तर आम्ही सविस्तर देत आहोत. आपल्या समाजात बँकेचे कर्ज काढून स्वतःच्या नावावर घर घेणारी ही बहुतेक ठिकाणी पहिलीच पिढी आहे. या पिढीच्या पाठीमागे शेती नाही, गावाकडचा वाडा नाही, अडीअडचणीला मोडायला सोने नाही. आहे तो फक्त महिन्याचा पगार. तो पगार दोन-तीन महिने थांबला तर काय होते, हे या एका कुटुंबाच्या कागदपत्रांतून आम्ही पाहिले.

या गृहस्थांनी २०१६ मध्ये १४ लाखांचे गृहकर्ज घेतले. मुदत वीस वर्षे, हप्ता सुमारे १२,६०० रुपये. पगार आणि पत्नीचे शिवणकाम यांवर घर चालत होते. सहा वर्षांत एकही हप्ता चुकला नाही. करोनाच्या काळातही नाही. २०२२ च्या पावसाळ्यात पाठदुखी सुरू झाली. आधी गोळ्या, मग मालीश, मग एम.आर.आय. निदान झाले मणक्याच्या क्षयरोगाचे. शस्त्रक्रिया, नंतर कित्येक महिने अंथरुणावर सक्तीची विश्रांती. कंपनीच्या मेडिक्लेममधून शस्त्रक्रियेचा खर्च बराचसा भागला. हक्काची रजा संपली आणि ऑक्टोबर अखेर पगार बंद झाला. ५ नोव्हेंबर २०२२ चा हप्ता परत गेला. डिसेंबरचा गेला. जानेवारी, फेब्रुवारी, मार्चचाही गेला.

बँकेच्या जगात दिवस कसे मोजले जातात ते समजून घेतले पाहिजे. हप्त्याच्या तारखेला पैसे आले नाहीत की त्याच रात्री खाते ताणाखालच्या खात्यांच्या पहिल्या पायरीवर जाते. तीस दिवसांनी दुसरी पायरी, साठ दिवसांनी तिसरी, आणि नव्वद दिवस उलटले की खाते एनपीए, म्हणजेच अनुत्पादित. आमच्या अशिलाचे खाते ३ फेब्रुवारी २०२३ ला एनपीए झाले. त्या दिवशी हा माणूस कमरेला पट्टा लावून भिंतीच्या आधाराने उभे राहण्याचा सराव करीत होता. संगणकाला पट्टा दिसत नाही, शून्य शिल्लक दिसते.

एप्रिलमध्ये ते कामावर गेले आणि एप्रिल, मे, जूनचे हप्ते वेळेवर भरले. त्यांना वाटले गाडी रुळावर आली. पण भरलेला पैसा आधी सर्वांत जुन्या थकबाकीला वळता होतो. म्हणजे मागचे पाच हप्ते थकलेले असताना तुम्ही चालू महिन्याचा हप्ता भरला तरी खात्यावर पाच हप्ते थकलेलेच राहतात. शिवाय १२ नोव्हेंबर २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केले की एकदा एनपीए झालेले खाते, मुद्दल आणि व्याजाची संपूर्ण थकबाकी भरल्याशिवाय पुन्हा नियमित करता येणार नाही. एक-दोन हप्ते भरून भागत नाही. आपल्यातील किती जणांना हा नियम माहीत आहे? बँकेतून रोज फोन करणाऱ्या पोराने तो सांगितला नाही. तो ‘निदान एक तरी हप्ता टाका’ एवढेच म्हणत राहिला.

शेवटी जून २०२३ मध्ये त्यांनी कंपनीतील पगारदार पतसंस्थेतून ७० हजार रुपये उचलले, दोन सहकाऱ्यांना जामीन ठेवले आणि काउंटरवर सांगितलेली सर्व थकबाकी एकरकमी भरली. पावती घेतली. घरी येऊन पावती देव्हाऱ्यात ठेवावी तशी बाबासाहेबांच्या फोटोमागे ठेवली, असे त्यांच्या पत्नीने आम्हाला हसत सांगितले. तेवढी एक गोष्ट त्यांनी चांगली केली, कारण पुढे तीच पावती कामाला आली.

दोन वर्षांनी आम्ही अहवाल काढला तेव्हा उलगडा झाला. परत गेलेल्या हप्त्यांचा दंड आणि वसुली कर्मचाऱ्याच्या ‘भेटीचा आकार’ असे मिळून ३,८७० रुपये बँकेने वेगळ्या रकान्यात ठेवले होते. काउंटरवर ते कुणी मागितले नाहीत. त्या रकमेपायी खाते नियमित झालेच नाही. एनपीए होऊन बारा महिने झाले की खाते आपोआप ‘डाउटफुल’ वर्गात जाते, तसे तेही फेब्रुवारी २०२४ मध्ये गेले. वेळेवर हप्ता भरणारा माणूस ३,८७० रुपयांसाठी बुडव्या ठरला! आमचे म्हणणे असे की नियम मुद्दल आणि व्याजाच्या थकबाकीचा आहे. दंड आणि भेटीचा आकार हे मुद्दलही नव्हेत आणि व्याजही नव्हे.

ही झाली चूक, आणि चूक दुरुस्त होते. पण चूक बाजूला ठेवली तरी पाच महिन्यांचे ते डाग खरे आहेत. हप्ते खरोखरच चुकले होते. आमचा खरा प्रश्न त्या खऱ्या डागांविषयी आहे. हप्ता का चुकला, हे लिहायला त्या अहवालात जागा नाही. घोडे लावणारा, दारूत उडवणारा, पैसा असून न भरणारा आणि क्षयाने अंथरुणाला खिळलेला, या सगळ्यांचे आकडे एकाच शाईत छापले जातात. हा कुठला न्याय?

कुणी म्हणेल, बँक म्हणजे धर्मादाय संस्था नव्हे, लोकांच्या ठेवी सांभाळायच्या असतात, कारणे ऐकत बसली तर बुडेल. युक्तिवाद ऐकायला ठीक आहे. पण हीच बँकव्यवस्था कारणे ऐकते, हे आपण पाहिले आहे. २७ मार्च २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने करोनामुळे हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली. आधी तीन महिने, नंतर ३१ ऑगस्ट २०२० पर्यंत. आणि बजावले की ही सवलत घेणाऱ्याची थकबाकीदार म्हणून सिबिलकडे नोंद करू नये. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २३ मार्च २०२१ च्या निकालाने त्या काळातील व्याज पूर्ण माफ झाले नाही, मात्र व्याजावरचे व्याज आणि दंडव्याज घेऊ नये असे ठरले. पूर, दुष्काळ, भूकंप यांसाठीही रिझर्व्ह बँकेच्या स्थायी सूचना आहेत. आपत्तीग्रस्त भागात कर्जाची फेररचना केली तर खात्याचा दर्जा खाली आणला जात नाही. म्हणजे तत्त्व मान्य आहे. माणसाच्या हातात नसलेल्या कारणाने हप्ता चुकला तर त्याला बुडव्या म्हणू नये, हे या देशाच्या मध्यवर्ती बँकेने मान्य केलेले आहे. फक्त अट अशी की आपत्ती सगळ्यांवर एकाच वेळी यायला हवी. गोदावरीला पूर आला तर आपत्ती, आणि एकाच घरात क्षय, कर्करोग किंवा अर्धांगवायू आला तर बेजबाबदारपणा!

एकट्या घरावर आजार आला आणि बँकेने दयाबुद्धीने कर्जाची फेररचना करून दिली, तरी नियमाप्रमाणे चांगल्या खात्याचा दर्जा खाली येतो. म्हणून शाखा व्यवस्थापक फेररचनेचे नाव काढत नाही. त्याला त्याचा एनपीएचा आकडा सांभाळायचा असतो. माणूस वाईट नसतो, पण त्याचे हात नियमाने बांधलेले असतात आणि ते सोडवून घेण्याची त्याला इच्छाही नसते.

आजाराने मजुरी बुडाली तर त्याचा भार एकट्या मजुराने सोसू नये, हा विचार या देशाला नवा नाही. १९४३ मध्ये प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम सोपवले गेले, १९४४ मध्ये त्यांनी अहवाल दिला. त्या वेळी व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. त्या योजनेत आजारी कामगाराला वर्षात ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळण्याची तरतूद झाली, आणि क्षयासारख्या दीर्घ आजारात ८० टक्के. आमच्या अशिलाचा आजार त्या यादीत बसत होता. मग त्यांना का मिळाले नाही? कारण २०१७ मध्ये या योजनेची वेतनमर्यादा २१ हजार ठरली आणि त्यांचा पगार २०२२ मध्ये २४,५०० होता. साडेतीन हजारांनी ते ‘सुस्थितीत’ गेले. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचेही तेच. त्यांची शिधापत्रिका पांढरी. ती योजना सर्वांना खुली करण्याचा निर्णय शासनाने २०२३ मध्ये घेतला आणि २०२४ पासून त्याचा अंमल सुरू झाला, तोवर यांचा मणका जुळूनही गेला होता. आणि योजना मिळाली असती तरी ती दवाखान्याचे बिल भरते. घराचा हप्ता, किराणा, मुलीच्या क्लासची फी कोण भरणार? माणूस पूर्ण गरीबही नाही आणि आजारपण झेपण्याइतका सुखवस्तूही नाही, असा हा मधला थर आज सगळ्यात उघडा पडला आहे. आपल्या वस्त्यांतून उपनगरांत फ्लॅट घेऊन गेलेले बहुसंख्य लोक याच थरात मोडतात.

विम्याचीही एक गंमत. कर्ज देताना बँकेने त्यांच्याकडून ३८ हजारांचा विमा काढून घेतला होता, हप्ता कर्जातच मिळवला होता. ‘आमचं कर्ज विम्यात आहे’ या भरवशावर पती-पत्नी निर्धास्त होते. पॉलिसी आम्ही वाचली. ती फक्त मृत्यूनंतर पैसे देते. वाचक बंधुभगिनींनो, आपापल्या घरातील पॉलिसी आज संध्याकाळी काढून पाहा. त्यात गंभीर आजार किंवा अपंगत्व हे शब्द आहेत का, एवढे तरी तपासा.

आता दुरुस्तीचे बोलू. सिबिल हे खरे तर एका कंपनीचे नाव आहे, २००० मध्ये स्थापन झालेल्या. आपण सगळ्याच पत-अहवालांना सिबिल म्हणतो. अशा चार कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. या प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत द्यावा असा रिझर्व्ह बँकेचा २०१६ चा आदेश आहे. चारही काढावेत, कारण एकात दुरुस्त झालेली चूक दुसऱ्यात तशीच राहते. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो, पण नुसता स्कोअर पाहून काही कळत नाही. खाली महिन्यागणिक तक्ता असतो, मागील ३६ महिन्यांचा. त्यात किती दिवस उशीर झाला तो आकडा असतो. तो आपल्या बँकेच्या उताऱ्याशी आणि पावत्यांशी ओळीने ताडून पाहावा. खरी नोंद पुसता येत नाही. कुणी पुसून देतो म्हणत असेल तर तो ठग आहे. आमच्या अशिलाने आमच्याकडे येण्याआधी अशाच एका ‘सिबिल क्लिअर’वाल्याला चार हजार रुपये दिले होते. त्याने त्यांच्याच मोबाईलवरून त्यांचाच मोफत अहवाल काढून त्यांना दिला.

चुकीच्या नोंदीसाठी मात्र कायदा आपल्या बाजूने आहे. २००५ च्या प्रत्यय विषयक माहिती कंपन्यांच्या कायद्याचे कलम २१ आपल्याला अहवालाची प्रत मागण्याचा आणि दुरुस्ती मागण्याचा हक्क देते; दुरुस्तीसाठी तीस दिवसांची मुदत आहे. पूर्वी ही मुदत कुणी पाळत नसे, कारण न पाळल्याचा भुर्दंड नव्हता. २६ ऑक्टोबर २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने आदेश काढला : तीस दिवसांत तक्रार निकाली निघाली नाही तर पुढील प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदाराला द्यायची. एप्रिल २०२४ पासून तो लागू झाला. बँकेने एकवीस दिवसांच्या आत दुरुस्त माहिती पाठवली नाही तर भुर्दंड बँकेला, बँकेने पाठवूनही पत-माहिती कंपनीने उशीर केला तर तिला. दुरुस्ती नाकारली तर कारण कळवणेही बंधनकारक केले. म्हणून तक्रार तोंडी नको, फोनवर नको. तारीख पडेल अशी हवी.

त्यानेही काम झाले नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे. आधी बँकेकडे लेखी तक्रार, तीस दिवस वाट, मग लोकपाल. २०२२ पासून पत-माहिती कंपन्याही त्याच्या कक्षेत आल्या आहेत. फी नाही. आणि २०२१ च्या लोकपाल योजनेने वकिलामार्फत तक्रार करायलाच मनाई केली, हे आम्ही आमच्या धंद्याचे नुकसान सोसून सांगत आहोत. कर्ज हौसिंग फायनान्स कंपनीचे असेल तर मात्र दाद नॅशनल हौसिंग बँकेकडे मागावी लागते.

खऱ्या नोंदींचे काय? तिथे औषध एकच, आणि ते कडू आहे : थकबाकी पूर्ण भरणे, दंड आणि इतर आकार यांचाही आकडा लेखी मागून घेऊन शेवटचा रुपया भरणे, खाते नियमित झाल्याचे पत्र घेणे आणि नंतर सलग वेळेवर भरत राहणे. ही माहिती पत-माहिती कंपन्या किमान सात वर्षे जपून ठेवतात, पण अहवालातला तक्ता छत्तीस महिन्यांचा असतो आणि ताज्या महिन्यांना वजन जास्त असते. नव्या चांगल्या महिन्यांखाली जुने वाईट महिने हळूहळू मागे सरकतात.

‘सेटलमेंट’पासून सावध राहा. आजारपणात गृहकर्जाबरोबर क्रेडिट कार्डही थकते, कारण मेडिकलची बिले त्यावरच गेलेली असतात. वसुलीवाला म्हणतो, चाळीस हजारांचे बावीस भरा, मिटवून टाकू. ते मिटत नाही. अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा येतो आणि पुढचा प्रत्येक बँकवाला त्याचा अर्थ ‘याने अठरा हजार बुडवले’ असा वाचतो. असा शेरा आधीच असेल तर उरलेली रक्कम भरून पूर्ण फेडीचे पत्र घेणे आणि शेरा बदलण्याची मागणी करणे हा मार्ग आहे.

आणि हे सगळे आजार सुरू होतानाच केले तर पुढचे अर्धे दुखणे टळते. पहिला हप्ता चुकण्यापूर्वी, फार तर नव्वद दिवसांच्या आत, दवाखान्याच्या कागदांच्या प्रतींसह शाखेला पत्र द्या. मुदत वाढवून हप्ता कमी करा, काही महिने फक्त व्याज घ्या, असे मागा. नकार आला तरी पोच जपून ठेवा. सरफेसी कायद्याची कलम १३(२) ची नोटीस आली तर घाबरून कपाटात टाकू नका. आमच्या अशिलाने मार्च २०२३ मध्ये नेमके तेच केले होते. त्या नोटिशीत साठ दिवस असतात. कलम १३(३अ) खाली लेखी हरकत घेतली तर बँकेला पंधरा दिवसांत कारणांसह उत्तर द्यावे लागते. आजार, रजेचे पत्र, पुन्हा कामावर रुजू झाल्याची तारीख, भरणा करण्याचे वेळापत्रक हे सारे तिथे लिहिले की ते बँकेच्या दप्तरात कायमचे बसते. बँकेने कलम १३(४) खाली पाऊल उचललेच तर कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जायला पंचेचाळीस दिवस असतात. आणि वसुलीवाले सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी सातनंतर फोन करत असतील तर तो रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या आदेशाचा भंग आहे, हे त्यांना शांतपणे ऐकवा.

पत्नीचा मुद्दा कुणाच्या लक्षात येत नाही. घर दोघांच्या नावावर, कर्जावर दोघांच्या सह्या. आपण त्याला अभिमानाने स्त्रीचा मालकी हक्क म्हणतो आणि तो आहेच. पण हप्ता चुकला की डाग दोघांच्या अहवालावर पडतो. या ताईंनी नवऱ्याच्या आजारपणात रात्री जागून शिलाई केली, त्यावर घर जगवले, आणि २०२४ मध्ये शिलाई मशीनसाठी बँकेकडे गेल्या तेव्हा त्यांनाही सिबिल खराब म्हणून परत पाठवले. का, ते त्यांना आमच्या कार्यालयात बसल्यावर कळले.

हे केवळ कर्जापुरते राहिलेले नाही. २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने भारतीय स्टेट बँकेत निवड झालेल्या एका उमेदवाराची नियुक्ती खराब पत-इतिहासामुळे रद्द करण्याचा बँकेचा निर्णय कायम ठेवला. म्हणजे आता नोकरीच्या दारातही हा कागद मागितला जातो. उलट बाजूने, केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये केवळ कमी सिबिलमुळे शैक्षणिक कर्ज नाकारू नये अशी भूमिका घेतली. तो निकाल महाराष्ट्रातील बँकांवर थेट बंधनकारक नाही, पण अर्जासोबत जोडायला उपयोगी आहे आणि आम्ही जोडतो. २०२५ मध्येच सरकारने लोकसभेत सांगितले की पहिल्यांदा कर्ज घेणाऱ्याचा अर्ज पत-इतिहास नाही एवढ्याच कारणाने फेटाळू नये. चांगले झाले. म्हणजे कोऱ्या कागदाला आता संधी आहे. आजारी कागदाला नाही.

अमेरिका भांडवलदारांची पंढरी. तिथल्या १९७० च्या पत-अहवाल कायद्यानेही, वाद मिटला नाही तर ग्राहकाला आपली बाजू अहवालात थोडक्यात नोंदवता येते; ती शंभर शब्दांपर्यंत मर्यादित ठेवण्याची मुभा कंपनीला आहे. शंभर शब्द फार नाहीत. पण क्षय झाला होता, शस्त्रक्रिया झाली, पाच महिने पगार नव्हता, नंतर सर्व पैसे भरले, एवढे सांगायला वीस पुरतात.

आमची मागणी दान किंवा कर्जमाफीची नाही. व्याज घ्या. मुदत वाढवा. पण शासकीय किंवा मान्यताप्राप्त रुग्णालयाच्या प्रमाणपत्रावर, वीस वर्षांच्या कर्जात एकदा-दोनदा, काही महिने हप्ता थांबवण्याची सोय असू द्या. आपत्तीग्रस्त भागातील कर्जदाराप्रमाणेच त्या खात्याचा दर्जा अबाधित ठेवा. आणि अहवालात आजाराचा एक संकेत असू द्या. २०२० मध्ये कोट्यवधी खात्यांसाठी संगणकात हे करता आले, तर एका खात्यासाठी करता येत नाही असे कुणी म्हणू नये. रिझर्व्ह बँक आपल्या नव्या निर्देशांचे मसुदे जनतेच्या सूचनांसाठी खुले करते. त्या सूचना पाठवतात कोण? बँका, त्यांच्या संघटना, मोठ्या लेखा कंपन्या. आपल्या कर्मचारी संघटना, कामगार युनियन आणि गृहनिर्माण संस्थांचे पदाधिकारी यांनी आजवर अशा किती मसुद्यांवर दोन ओळी लिहिल्या? आरक्षणाच्या परिपत्रकावर आपण रात्रीत निवेदन तयार करतो, ते करायलाच हवे. पण आपल्या सभासदांच्या पगारातला निम्मा वाटा ज्या कर्जाकडे जातो, त्याच्या नियमांवर आपण गप्प आहोत.

आमच्या अशिलाची तक्रार आम्ही ८ जुलै २०२५ रोजी त्यांच्याच सहीने, पावतीची प्रत जोडून दाखल करवली. ३,८७० चा आकार तोवर पाच हजारांवर गेला होता; तो निषेध नोंदवून भरला. २०२३ च्या ज्या आदेशाने दंडाच्या रकमेवर पुन्हा व्याज आकारायला मनाई केली, त्याचा हवाला दिला. बँकेने बावन्नाव्या दिवशी नोंद दुरुस्त केली. जून २०२३ पासूनचे सर्व महिने स्वच्छ झाले, पाच महिन्यांचे खरे डाग तसेच राहिले. स्कोअर साडेसहाशेच्या पुढे गेला. उशिराच्या बावीस दिवसांचे २,२०० रुपये त्यांच्या खात्यात जमा झाले.

प्रवेशाची मुदत त्याआधीच संपली होती. ताईंच्या कानातले आणि पोत गहाण ठेवून मुलीचे पहिल्या वर्षाचे पैसे भरले गेले होते. आता दुसऱ्या वर्षासाठी शैक्षणिक कर्जाचा नवा अर्ज केला आहे, सोबत दवाखान्याचा कागद आणि केरळचा निकाल जोडला आहे. बँकेचे उत्तर यायचे आहे.